स्टँड लोखंडी आहे का

किटली ओरडत होती म्हणे. मी तिच्यापासून दीड हातावर बसलो होतो, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. पुढ्यात परदेशातल्या त्या रेसच्या ट्रॅकचा नकाशा, हातात पेन्सिल. बायको केस पुसत आली, माझ्या खांद्यावरून हात घालून तिने गॅस बंद केला आणि म्हणाली, “केव्हाची बोंबलतेय. बहिरे झालात का?” मी म्हटलं, नकाशात होतो. ती म्हणाली, मग चहाही तिकडेच प्या. विषय संपला. म्हणजे तिचा संपला. मला मात्र किटलीच्या तोंडातून वाफेचा सरळ दांडा निघताना दिसत होता. एवढा जोर असलेली वाफ शिट्टी वाजवल्याशिवाय राहत नाही, हे मला कुणी शिकवायला नको; सगळी उमर यंत्रं उघडण्यात गेली आहे. शिट्टी वाजली होती. मीही तिथंच होतो. आमची गाठ पडली नव्हती, एवढंच.

ती कामाला गेली. दाताच्या दवाखान्यात ती फोन घेते आणि लोकांना वेळा देते. माझी साप्ताहिक सुट्टी होती. मी किटली पुन्हा भरली आणि तिच्यासमोर उभा राहिलो, पंचाहत्तर किलोचा माणूस एका किटलीची वाट बघत. पाणी तळाशी तडतडलं, ते ऐकू आलं. मग खदखदलं, तेही आलं. मग दांडा उभा राहिला आणि तिथून पुढे भिंत. कपाटातून माझा स्क्रूड्रायव्हर काढला, चौदा इंची, लाकडी मुठीचा, मूठ घामाने काळी पडलेली. टोक किटलीच्या अंगाला लावलं, मूठ कानामागच्या हाडावर दाबली. आत पाणी उड्या मारत होतं, जाड, घोगरं, अगदी स्पष्ट. शिट्टी त्यात नव्हती. मी दुसऱ्या कानाला लावून बघितलं. मग मूठ दातात धरून बघितलं. तोंडात लाकडाची आणि तेलाची जुनी चव आली आणि कवटीभर पाणी खदखदलं. शिट्टी नाही. शेवटी शेजारची म्हातारी दार वाजवून विचारायला आली की घरात कुणी आहे की नाही. दार वाजवलेलं मला ऐकू आलं. दार जाड आवाजात वाजतं.

डेपोत मला कान म्हणतात. माझं खरं नाव पगारपत्रकावर आहे, ते तिथंच राहू दे. बस बिघडली की ड्रायव्हर म्हणतो, कानाला दाखवा. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवतो, डोळे मिटतो, आणि सांगतो: तिसरा व्हाल्व, किंवा मागचं बेअरिंग, किंवा काही नाही, चालवणारा गाढव आहे. मग खडूने इंजिनाच्या झाकणावर एक गोल काढतो. गोल पडला की गाडी रस्त्यावर. त्यानंतर तिला कुणी हात लावायचा नाही, मॅनेजरनेसुद्धा नाही. असा नियम कुठल्या कागदावर लिहिलेला नाही, म्हणूनच तो कुणी मोडत नाही. लिहिलेले नियम आम्ही रोज मोडतो. शाळा मी सातवीत सोडली. इंजिनाची पुस्तकं रद्दीतून आणून, शब्द अडला की इंजिन उघडून वाचली. पदव्या घेतलेले साहेब येऊन माझ्या गोलाकडे बघून सही करून गेले. त्याचा माज मला होता. नव्हता असं म्हणणाऱ्याच्या कानाखाली मीच आवाज काढीन.

आणि हे रेसचं वेड. मुलगी म्हणते हौस, जावई म्हणतो छंद. मला दोन्ही शब्दांचा राग आहे. हौस पडद्यांची असते. मी सव्वीस वर्षांचा असताना माझा मामेभाऊ बोटीवर होता, इंजिनखोलीत तेल घालायच्या कामाला. एका बंदरात बोट अडकली तेव्हा तो सगळ्यात स्वस्त तिकीट काढून रेसला गेला, आणि मला पटावं म्हणून बाकावर टेपरेकॉर्डर ठेवून त्याने कॅसेटची एक बाजू भरून आणली. चित्र नाही, शब्द नाहीत, नुसता आवाज. लांबून एक बारीक रेघ येते, जवळ येता येता हवा फाडते, मग गिअर उतरतात: एक, दोन, तीन, चार, पाच. पाच पायऱ्या. मग पुन्हा वर चढणारा आवाज, आणि तीन सेकंदांत तो एकदम कोंदतो, जणू कुणी त्याच्यावर टोपलं टाकलं. सगळ्या गाड्या पाच पायऱ्या उतरतात. एक गाडी चारच उतरते. प्रत्येक फेरीला चारच. एकतीस वर्षं मी त्या माणसाचा विचार करतो आहे. बाकीच्यांपेक्षा एक पायरी वरच राहून तो ते वळण कसं घेतो? घाबरत नाही की त्याचा गिअर गेला आहे? शहाणा की अडलेला? हा प्रश्न माझ्या लग्नापेक्षा जुना आहे.

यंदा निवृत्तीला चार महिने उरले आणि मुलीने फोनवर दाखवलं की तिकडे रेसच्या आठवड्यात, शनिवारी, जुन्या गाड्या पळवणार आहेत, त्याच काळातल्या, त्याच इंजिनांच्या. मी त्या ट्रॅकचा नकाशा छापून आणला. भाऊ कुठे बसला होता हे त्याला स्वतःला आठवत नाही. त्याला एवढंच आठवतं की ऊन फार होतं आणि पुढच्या बाईने टोपी काढली नाही. मी आवाजावरून शोधलं. लांब सरळ रस्ता, मग पाच पायऱ्यांचं वळण, मग तीन सेकंदांवर पूल. आवाज कोंदतो तो पुलाखाली. संपूर्ण नकाशात असं वळण एकच आहे. तिथल्या स्टँडची तिकिटं मुलीने काढली, शुक्रवार ते रविवार, माझं एकट्याचं. बायको म्हणाली, मला आवाज सोसत नाही, तीस वर्षं तुमचा सोसतेय तेवढा पुरे. एकच गोष्ट कळत नव्हती. कॅसेटमध्ये गाडी जवळ आली की खालून एक घरघर येते, बाक थरथरल्याची. म्हणजे तेव्हा स्टँड लोखंडी होता. आता? सिमेंटचा केला असेल तर सिमेंट सगळं गिळतं. मी मुलीला रेसवाल्यांना लिहायला लावलं: स्टँड लोखंडी आहे का? उत्तर आलं, आसनं आरामशीर आहेत आणि पाठ टेकायची सोय आहे. मी पुन्हा लिहायला लावलं. उत्तर आलं, समोर मोठा पडदा दिसतो. मुलगी म्हणाली, बाबा, त्यांना वाटतंय तू मस्करी करतोयस. मी म्हटलं, तिसऱ्यांदा लिही, पाठ टेकायला मी माझ्या घरी खुर्ची ठेवली आहे.

हे सगळं डोक्यात घेऊनच मी त्या दुपारी कानाच्या दवाखान्यात गेलो. एक काचेची खोली, आत गादीसारख्या भिंती. इतकी शांतता की स्वतःचं गिळणं ऐकू येतं. कानावर हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. पहिले आवाज मी सटासट दाबले. बाहेर डॉक्टरीणबाई काचेपलीकडे बसली होती, माझ्या मुलीपेक्षा लहान, तिचं बोट यंत्राच्या बटणावर दिसत होतं. मग तिचं बोट हलत राहिलं आणि माझं बोट थांबलं. ती दाबत होती, माझ्याकडे बघत होती, पुन्हा दाबत होती. मला वाटलं, खोटं दाबावं. तिचं बोट हललं की माझं हलवावं. एक-दोनदा तसं केलंही. तिने खुर्ची वळवली आणि माझ्याकडे पाठ केली. पुष्कळ म्हातारे बघितले असतील तिने.

बाहेर आल्यावर तिने कागद ठेवला. त्यावर रेघ होती, डावीकडून सरळ चाललेली आणि अर्ध्यावर दरीत पडलेली. ती म्हणाली, जाड आवाज उत्तम आहेत, वयाच्या मानाने फारच उत्तम. बारीक आवाज गेले. विचारलं, काम काय करता? मी सांगितलं. तिने मान हलवली, जशी मी काळं तेल बघून हलवतो. मी विचारलं, हाडावरून ऐकलं तर? ती म्हणाली, हाड ठणठणीत आहे, आतला ऐकणारा गेला, आता कुठल्याही दाराने या. बोलली ते चांगलं बोलली. मग म्हणाली, “हे आजचं नाही. दहा वर्षं तरी झाली असतील, हळूहळू. शिट्टी, पाखरं, कॅसेटमधला वरचा आवाज, असं काही मंद झाल्यासारखं वाटलं नाही कधी?”

कॅसेट तिने सहज म्हटलं. मी तिथून बाहेर पडून फुटपाथवरच्या कठड्यावर बसलो. माणसं जात होती, त्यांच्या चपला मला ऐकू येत होत्या आणि चपलांच्या वर काय चाललं होतं ते त्यांचं त्यांना माहीत. दहा वर्षं मी ती कॅसेट मळली म्हणत होतो. टेपचं हेड मी स्पिरिटने पुसलं. आतला रबरी पट्टा बदलला. दोन टेपरेकॉर्डर भंगारात घातले, तिसरा आणला, तो बनवणाऱ्यांच्या आईवर गेलो. लांबून येणारी ती बारीक रेघ फिकी होत होत नुसती घरघर उरली, तेव्हा मी मुलीला सांगितलं, पट्टी ताणली गेली, आवाज फोनमध्ये भरून घे, उरलाय तेवढा तरी. तिने कानाला लावून ऐकला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाली, किती कर्कश आहे हे, बाबा, दात शिवशिवतात. मी म्हटलं, तुमच्या पिढीला काय कळतं. यंत्र बिघडलंय हेच मला नेहमी आधी सुचतं. माझा धंदाच तो.

आणि मग त्या कठड्यावर बसल्या बसल्या, कॅसेटच्या मागून, ती बस आली.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे एक फिटरबाई आहे, दीड वर्षाची नोकरी, अजून कायम व्हायची आहे. कानामागून आली आणि तिखट झाली असं सगळे म्हणतात, मी सगळ्यांत मोठ्याने. ऐकायला मीच शिकवलं तिला. स्क्रूड्रायव्हर कसा धरायचा, श्वास कुठे थांबवायचा, इंजिनाला आधी बडबडू द्यायचं आणि मग त्यातला खोटारडा शोधायचा. तिने त्या बसला नवा वॉटर पंप बसवला होता. मी टोक टेकवलं, डोळे मिटले. चांगलं चाललं होतं. ती शेजारी उभी होती, स्क्रूड्रायव्हरशिवाय, नुसती, हात पुसत. म्हणाली, उस्ताद, पंपाकडून वरचं काहीतरी चिरचिरतंय. मी पुन्हा टेकवलं. काही नाही. तिने आपला स्क्रूड्रायव्हर पुढे केला, तो मी तिच्या हातातून काढून पेटीवर ठेवला, चार माणसांसमोर, आणि म्हटलं, “कान माझा आहे की तुझा?” माणसं हसली. मी खडूने गोल काढला. दुसऱ्या दिवशी चढावर पंपाचं बेअरिंग जाम झालं, पट्टा तुटला, पाणी उकळलं. ड्रायव्हरने घाईत रेडिएटरचं झाकण उघडलं आणि त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. चौकशी लागली. माझ्याकडून दोन ओळी मागितल्या, मी दिल्या: तपासणीच्या वेळी कुठलाही आवाज नव्हता. बसवताना चूक झाली असावी. हे मी मनापासून लिहिलं होतं, त्यातलं अक्षर खोटं नव्हतं, आणि तेच सगळ्यात घाण आहे. बाईला नोटीस निघाली. महिन्याच्या आत खुलासा, नाहीतर घरी. तिने खुलाशात माझं बोलणं, तिचं बोलणं, काहीही लिहिलं नव्हतं, हे मला कारकुनाकडून कळलं होतं आणि मी त्याचा अर्थ लावला होता की पोरीला चूक उमगली.

संध्याकाळी बायकोला कागद दाखवला. तिने चष्मा न लावताच बाजूला ठेवला. म्हणाली, “दारावरची बेल सहा वर्षांत तुम्ही एकदाही ऐकली नाहीत. मी उठते म्हणून तुम्हाला कळतं.” मी विचारलं, सहा वर्षं गप्प का बसलीस? ती म्हणाली, “पोट त्याच कानावर होतं. आणि तोरा पण.” मग भाजीची पिशवी आवरत म्हणाली, सांगितलं असतं तर ऐकलं असतं का? यावर ती स्वतःच हसली. मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की आणखी किती जणांना माहीत होतं. मला गाडीखालून हाका मारणारे, मी ओ दिली नाही की जवळ येऊन खांद्याला हात लावणारे. मी त्याला मान समजत होतो.

जायला सहा आठवडे होते. सरकारी नोकराला परदेशी जायचं तर खात्याचं ना-हरकत पत्र लागतं. माझं मॅनेजरच्या टेबलावर सहीला पडलं होतं. ज्याच्यावर चौकशी आहे त्याला ते मिळत नाही. म्हणजे हिशोब अंगणवाडीतल्या पोराला येईल इतका सोपा होता: तोंड उघडलं तर चौकशीत मी, पत्र नाही, शनिवार नाही, जुन्या गाड्या नाहीत. तोंड मिटलं तर सगळं आहे. फक्त त्या शनिवारी त्या स्टँडवर बसून मला नक्की काय ऐकू येणार, हे मला आता कळत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याचंच कुतूहल मला सगळ्यात जास्त होतं. लांबून येणारी रेघ मला दिसेल, गाडीच्या रूपाने, आवाज नसलेली. मग जवळ आली की खालचा अर्धा आवाज उगवेल, पोटातून, बाकातून. पायऱ्या मोजता येतील का? चारवाला ओळखू येईल का? लोखंड असेल तर येईल. मी झोपेत लोखंड दाबून बघत होतो.

सकाळी डेपोच्या फाटकात मुलीचा फोन आला. रेसवाल्यांचं तिसरं उत्तर आलं होतं. ती वाचताना हसत होती. कुणीतरी चक्क उठून जाऊन बघून आलं होतं: सांगाडा लोखंडी आहे, त्यावर लाकडी फळ्या, गाड्या गेल्या की पायात मुंग्या येतात, आणि कृपया सांगाल का, हे तुम्हाला कशासाठी हवं आहे? म्हणजे माझ्यासारखा एक माणूस तिकडे होता. मला इतका आनंद झाला की मी फाटकातच उभा राहिलो आणि मागच्या बसने दिलेला हॉर्न मला छान ऐकू आला. हॉर्न जाड असतो.

मॅनेजरला मी दवाखान्याचा कागद दिला आणि रात्री लिहिलेलं पान दिलं. त्यात होतं की पंप चिरचिरत होता, फिटरबाईने तो ऐकला, मला सांगितला, आणि मला तो ऐकू येणं शक्य नव्हतं. त्याने दार लावलं. माणूस वाईट नाही. वाईट माणसं बरी, त्यांना एका शब्दात नाही म्हणता येतं. त्याने मला समजावलं की बाईचं वय लहान आहे, तिला दुसरीकडे मिळेल. की माझे चारच महिने उरलेत. की गोल पडलेल्या सगळ्या गाड्यांवर आता प्रश्न येईल, दहा वर्षांच्या गाड्यांवर, कुणी मागितलंय हे? पत्रावर तो आत्ता सही करतो, मी रेस बघून यावं, मग हा कागद आणावा. त्याने पेनाचं टोपण काढलं. पेन पत्राच्या वर धरलं, टेकवलं नाही. मी त्या पेनाकडे बघत होतो आणि मला दिसत होतं डॉक्टरीणबाईचं बोट. आवाज येत होता आणि दाबायचं माझ्याकडे होतं.

मी म्हटलं, पान घ्या आणि पोच द्या.

त्याने पत्र फाइलीत परत घातलं आणि म्हणाला, आयुष्यभर ऐकून ऐकून शेवटी कुणाचं ऐकायचं तेवढं कळलं नाही तुम्हाला.

फिटरबाई तिसऱ्या खड्ड्यात होती, बसच्या पोटाखाली. मी पायऱ्या उतरून गेलो, तिच्या तोंडासमोर उभा राहिलो, म्हणजे मला तिचे ओठ दिसतील. हेही मी किती वर्षं करत आलो आहे ते त्याच क्षणी लक्षात आलं. मी म्हटलं, “तुला ऐकू आलं होतं. मला नव्हतं. मला येतच नाही. वर लिहून दिलंय.”

तिने पाना खाली ठेवला. मला वाटलं रडेल, किंवा पाया पडेल. मी त्याचीही भीती बाळगून होतो. ती चिडली. इतकी की तिच्या मानेची शीर उभी राहिली. “तीन आठवडे, उस्ताद,” ती म्हणाली, “तीन आठवडे मला वाटतंय माझे कान वाजतात. रोज घरी जाऊन पंखा ऐकते, नळ ऐकते. नवऱ्याला विचारते, तुला येतोय का हा आवाज, मला एकटीलाच येतोय का. तुम्ही नाही म्हणालात म्हणून. खुलाशात काय लिहिणार होते मी? मला आवाज आला होता लिहायला माझाच माझ्यावर भरवसा राहिला नव्हता.”

माफी हा शब्द मी तोंडात धरून बघितला, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीसारखा, आणि त्याची चव मला खोटी लागली. मग जे मला खरंच हवं होतं तेच मी विचारलं, कालपासून तेच विचारायचं होतं.

“कसा होता?”

“काय?”

“तो आवाज. कसा होता, काढून दाखव.”

मला वाटतं तिने ठरवलं की म्हातारा मस्करी करत नाहीये. तिने हात पुसले, दात एकमेकांवर टेकवले, ओठ मागे ओढले, आणि छाती भरून घेतली. मी सवयीने डोळे मिटले. काहीच नव्हतं. खड्ड्यातला गारवा होता, वर कुठेतरी कुणी टायर बडवत होतं. मी डोळे उघडले. तिचे गाल ताणलेले होते, मानेची शीर उभी होती, दातांच्या फटीतून येणारी हवा माझ्या गालाला लागत होती. आणि तिच्या डोक्यावरून, खड्ड्याच्या कडेपलीकडे, अख्खं वर्कशॉप कामं सोडून आमच्याकडे वळून बघत होतं. एकाने कानात बोट घातलं होतं. मॅनेजर काचेशी आला होता.

तिचा श्वास संपला. ती थांबली.

“पुन्हा कर,” मी म्हटलं, आणि माझा स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. “आणि वरच्यांना सांग, आज गोल तू काढणार आहेस.”